टीएमसीत न मावणारा नाथसागर

अलास्कातल्या धबधब्याच्या तोंडाशी उभं राहिलेलं तपकिरी अस्वल आणि थेट त्याच्या जबड्यात उडी मारणारा सॅल्मन मासा. हा व्हिडिओ पाहिला नाही असा मोबाइलधारक आता सापडणं कठीण. तिथल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी ‘फॅट बेअर वीक’ नावाची स्पर्धाही असते. मासे खाऊन सगळ्यात गुबगुबीत झालेलं अस्वल कोणतं, यावर जगभरचे लोक ऑनलाइन मतदान करतात. आपल्याकडचेही करतात. करावं, मजा आहे. माझं भांडण वेगळं आहे. त्या व्हिडिओत जे दिसतं त्याहून महत्त्वाचं ते न दिसणारं आहे. त्याच जातीची गोष्ट आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून पन्नास किलोमीटरवर दर हिवाळ्यात घडते आणि आपण तिचा हिशेबच ठेवत नाही. ज्याचा हिशेब नाही ते गेल्याचंही कुणाला कळत नाही.

आधी अस्वलाचं सांगतो. सॅल्मन डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जातो, तिथे खाऊनपिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून वर येतो. पॅसिफिक महासागरातल्या बहुतेक जाती अंडी घातली की मरतात. म्हणजे प्रत्येक मासा हा समुद्राचा ऐवज डोंगरात पोचवणारा हमाल. अस्वल मासा पकडतं, पुष्कळदा झाडीत ओढून नेतं, चरबीचा भाग खातं आणि बाकीचा टाकून पुढच्या माशाकडे वळतं. त्या उष्ट्यावर गरुड, कावळे, किडे जगतात. उरलेलं मातीत मुरतं.

हे नुसतं काव्य नाही, मोजलेलं आहे. समुद्रातून आलेल्या नायट्रोजनमध्ये नायट्रोजन-१५ हा जड प्रकार जास्त असतो. त्यामुळे झाडाच्या पानातला नायट्रोजन कुठून आला, हे ओळखता येतं. अलास्काच्या केनाई द्वीपकल्पावर झालेला, १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सॅल्मनच्या ओढ्यांपासून ५०० मीटरच्या आतल्या स्प्रूस झाडांच्या पानांत साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन सॅल्मनचा होता. त्यातला चार-पंचमांशाहून जास्त अस्वलांनी पसरवलेला होता, आणि तोही मुख्यतः मुतून. झाड उभं आहे जमिनीवर, पण त्याच्या पानात समुद्र आहे. मधला दुवा आहे एक केसाळ, आळशी जनावर.

यातून घ्यायचा मुद्दा एवढाच, की पाणी काठावर संपत नाही. काठ ही जकातनाक्यासारखी जागा आहे. इथून माल इकडून तिकडे जातो. नाकं बंद पडलं की दोन्हीकडची दुकानं बसतात.

आता नाथसागर. पैठणला गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७, पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जाणारी जमीन सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास. त्यातला ७६ टीएमसीहून थोडा जास्त ‘जिवंत’ आणि २६ टीएमसी ‘मृत’. मराठवाड्यातल्या प्रत्येक माणसाला हे आकडे शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ असतात. पावसाळ्यात आपण क्रिकेटचा स्कोअर पाहावा तसा जायकवाडीचा टक्का पाहतो. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, हे भांडणही टक्क्यांवरच असतं. १५ ऑक्टोबरला ६५ टक्के भरलं का, नसेल तर किती सोडायचं, कुणी सोडायचं. हे भांडण खरं आहे आणि मराठवाड्याची बाजूही रास्त आहे. पण या भांडणाने आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवलं आहे: जायकवाडी म्हणजे एक टाकी. टाकीत पाणी असतं किंवा नसतं. तिसरं काही नसतं.

‘मृत साठा’ हा शब्द याच चित्रातून येतो. अभियांत्रिकीत त्याचा अर्थ साधा आहे. पाणी बाहेर काढायच्या दारांच्या पातळीखाली जे पाणी राहतं ते आपोआप वाहून बाहेर येत नाही, म्हणून मृत. इतकंच. पण शब्द अभियंत्याच्या टेबलावरून बातमीत आला की त्याचा अर्थ बदलतो. ‘जायकवाडी मृत साठ्यात’ असा मथळा वाचला की वाटतं, संपलं सगळं, उरलाय तो चिखल. प्रत्यक्षात दुष्काळी वर्षांत आपत्कालीन पंप लावून हेच शहर तो ‘मृत’ साठा पितं. तळ्यातले मासे त्याच पाण्यात तगून राहतात आणि पुढच्या पावसाळ्याचं बियाणं ठरतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही ‘डेड कोड’ असतो. कुणी वापरत नाही असं समजून एखादी फाइल उडवायची आणि रात्री दोन वाजता कळायचं की तिसऱ्याच कुणाचा तरी पगार तिच्यावर चालत होता. मृत म्हणजे निरुपयोगी असं नसतं. आपण अजून शोधलं नाही की ते कुणाच्या उपयोगाचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एक हिशेब करून पाहा, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होईल. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्याला ३५० चौरस किलोमीटरने भागा. सरासरी खोली येते आठ-साडेआठ मीटर. तीन मजली इमारतीएवढी. एवढा अफाट विस्तार आणि खोली इतकीच, म्हणजे हे तळं म्हणजे विहीर नव्हे, परात आहे. परातीतलं पाणी बोटभर उतरलं तरी केवढा काठ उघडा पडतो ते आठवा. जायकवाडीची पातळी एक मीटरने उतरली की कित्येक चौरस किलोमीटर जमीन पाण्यातून वर येते. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत ती येतच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा बुडते. वर्षातून एकदा आत, एकदा बाहेर. या तळ्याचा हा श्वास आहे आणि तो काठावर घेतला जातो.

काठावर काय होतं? पाणी मागे सरकतं तसा मऊ, ओला, काळा गाळ मागे राहतो. या जमिनीला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. पाणी हटलं की पेरणी होते, म्हणून गाळपेर. हरभरा, गहू, ज्वारी, चारा. कित्येक ठिकाणी ओलावा इतका असतो की पिकाला वेगळं पाणी लागत नाही. ही जमीन बहुतेक त्याच लोकांच्या घरादाराची आहे, ज्यांची शंभरावर गावं या धरणाने बुडवली. आता तीच जमीन पाटबंधारे खात्याकडून वर्षाच्या कराराने कसायला घ्यावी लागते. दुष्काळ पडला की सरकारच गाळपेर जमिनीवर चारा पिकवा म्हणतं. म्हणजे गाळाची ताकद सरकारला ठाऊक आहे. ठाऊक नसती तर २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना कशाला आली असती? धरणातला गाळ जेसीबीने काढून डंपरने शेतात नेऊन टाकायचा, त्यासाठी डिझेल जाळायचं. चांगलीच योजना आहे. पण जायकवाडीच्या काठावर हेच काम पाणी स्वतः करतं, फुकट, दरवर्षी. आणि टीएमसीच्या वहीत त्याच गाळाची नोंद कशी होते? ‘क्षमतेत घट’. एकाच मातीची एका वहीत जमा, दुसऱ्या वहीत तूट.

मग पाहुणे येतात. हिमालय ओलांडून मंगोलिया-तिबेटकडचे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. मध्य आशियातून कांड्या करकोचे. चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या, रोहित पक्षी. आणि वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, थव्याने पाण्यावर चालणारा साधासुधा पक्षी. मराठीत त्याला वारकरीच म्हणतात आणि तो नाथांच्या पैठणला येतो, याला मी काय करू? यांतले हंस आणि करकोचे रात्री, पहाटे शेतात चरतात, दाणे आणि कोवळे कोंब खातात आणि दिवसा पाण्याच्या आसऱ्याला येऊन बसतात. जमिनीवर खायचं आणि पाण्यात हगायचं. हसू नका, अस्वल याच्या नेमकं उलट करतं आणि त्यावर जंगल उभं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के देल अपाचे या पाणथळीत संशोधकांनी हंसांचा असाच हिशेब केला. तळ्यांत येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसचा मोठा वाटा शेतात चरून आलेल्या पक्ष्यांनी आणलेला निघाला.

पुढे पावसाळा. पाणी वर चढतं आणि गाळपेरीचं धसकट, गवत, गुरांचं शेण, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं पाण्याखाली घेतं. ते कुजतं, त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक किडे, किड्यांवर माशांची पिल्लं. उथळ, कोमट, खाण्याने भरलेलं नवं पाणी म्हणजे माशांची बालवाडी. १९८९ साली वोल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या नद्यांबद्दल हेच मांडलं: नदीची श्रीमंती तिच्या धारेत कमी आणि पुराने भिजणाऱ्या-सुकणाऱ्या पट्ट्यात जास्त असते. आपल्या आजोबा-पणजोबांना हे परिभाषेशिवाय माहीत होतं. पहिल्या पावसात मासे ओढ्यात, शेतात चढतात, त्याला कोकणात वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. जी भाषा या गोष्टीला स्वतंत्र शब्द ठेवते, तिच्या माणसांनी ‘आपल्याकडे कुठे सॅल्मन आहे’ असं म्हणावं?

ते मासे भोई, कहार, भिल्ल कुटुंबं पकडतात. पाणकावळे, बगळे, मासे मारणारे शिकारी पक्षीही पकडतात. पाण्यातला ऐवज पुन्हा जमिनीवर येतो. म्हणून म्हणतो, इथे अस्वल नाही असं नाही. अस्वलाचं काम इथे जाळं टाकणारा कहार, गाळात हरभरा पेरणारा धरणग्रस्त आणि पहाटे त्या हरभऱ्यावर डल्ला मारणारा हंस, हे तिघं मिळून करतात. तिघांचं आपसात पटतं असं मुळीच नाही. शेतकरी हंसांना हाकलतो आणि त्याच्या जागी मीही हाकलले असते. पण अस्वल आणि सॅल्मनचं तरी कुठे पटतं? परस्परांवर अवलंबून असणं म्हणजे गळ्यात गळा घालणं नव्हे.

आता आक्षेप घेऊ. पहिला हमखास येतो: ‘हे तर माणसाने बांधलेलं तळं. त्यात कसला आलाय निसर्ग?’ बरोबर, बांधलेलं आहे. बांधताना जुनी वाहती गोदावरी मोडली, माशांची चढणीची वाट दहा किलोमीटरच्या भिंतीने अडवली, गावं उठवली. खाली आंध्रात समुद्रातून गोदावरी चढणारा पुलसा मासाही राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशीच थांबतो. हे सगळं मान्य. पण मोडलेल्यातून गेल्या पन्नास वर्षांत नवं काही जुळलं आहे. सरकारनेच १९८६ साली ३४१ चौरस किलोमीटरचं जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर केलं. २०१७ साली भोवतीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रही अधिसूचित केलं. निसर्ग बांधकाम परवाना पाहून राहायला येत नाही. आणि एकदा लोकांना उठवून तळं केलं असेल, तर त्या तळ्यातून जे काही पोट भरण्याचं साधन उरलं तेही काढून घेणं हा दुसरा विस्थापनाचा फेरा ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला टाळायचा नाही: ‘मराठवाडा तहानलेला आहे. आमच्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. आधी माणसांचं बघा, पक्ष्यांचं नंतर.’ या शहरात राहणाऱ्याने हे वाक्य हलकं समजू नये. पण इथे माणसं विरुद्ध पक्षी असा सामनाच नाही. काठ गेला तर आधी मासेमार आणि गाळपेरवाले जातात, पक्षी त्यांच्यामागून. आणि ज्या नाथांचं नाव या सागराला दिलं, त्यांची कथा तरी विसरू नये. रामेश्वराला वाहायला आणलेली कावड एकनाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. कावडीतलं पाणी मोजून आणलेलं होतं आणि त्याचा ‘उपयोग’ आधीच ठरलेला होता. नाथांनी तो ठरलेला उपयोग बाजूला ठेवला. आपण नाव नाथांचं घेतो आणि वही कावडीची चालवतो.

या वहीतलं सर्वांत ताजं पान म्हणजे तरंगता सौरऊर्जा प्रकल्प. जायकवाडीच्या पाण्यावर सौर पॅनल अंथरायच्या योजनेविरुद्ध कहार समाज पंचायत समिती राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. सप्टेंबर २०२४मध्ये लवादाने अर्ज फेटाळला, मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. संवेदनशील क्षेत्राच्या नियमांत अपारंपरिक ऊर्जा ही उत्तेजन द्यायच्या कामांत मोडते, हा त्यातला एक प्रमुख आधार. न्यायालयाने कायदा पाहिला. आपण शहाणपण पाहू. कायद्याने चालतं ते सगळं करावंच असं नसतं.

मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशाच्या राखेपेक्षा पॅनल लाख पटीने बरं. मराठवाड्यात ऊन हेच एक पीक आहे जे कधी बुडत नाही. पॅनलच्या सावलीने बाष्पीभवन थोडं कमी होतं, हेही खरं. माझा आक्षेप ‘रिकामी जागा’ या समजुतीला आहे. नकाशात निळा रंग दिसला की आपल्याला तो मोकळा प्लॉट वाटतो.

पुन्हा कॅल्क्युलेटर काढा. तेलंगणात रामगुंडम इथे १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प २०२२ साली पूर्ण झाला. तो सुमारे ५०० एकरांवर पसरला आहे, म्हणजे दोन चौरस किलोमीटर. त्या मापाने समजा जायकवाडीवर १,००० मेगावॅट बसवले, तर वीस चौरस किलोमीटर लागतील. ३५० पैकी वीस, जेमतेम सहा टक्के. सादरीकरणाच्या स्लाइडवर हा आकडा किती निरागस दिसेल! पण भागाकार भरलेल्या तळ्याने केलाय. तळं उन्हाळ्यात आक्रसून समजा १०० चौरस किलोमीटरवर आलं, तर तेच वीस चौरस किलोमीटर पाचवा हिस्सा होतात. पॅनल पाण्याबरोबर खाली उतरतात, पण आक्रसत नाहीत. ते कायम पाणी राहणाऱ्या खोल भागातच ठेवावे लागणार. उन्हाळ्यात सगळे मासे, मासेमारांच्या सगळ्या होड्या आणि उरलेले सगळे पक्षीही तिथेच असणार. वार्षिक सरासरी काढून हा प्रश्न सुटत नाही. कमीत कमी पाण्याच्या दिवशी किती जागा उरते, ते विचारावं लागतं. कोणताही सर्व्हर आम्ही सरासरी गर्दीवर बांधत नाही, सर्वांत वाईट दिवसावर बांधतो.

आणि जागेचा दुष्काळ खरंच आहे का? वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांच्या छपरांकडे विमानातून उतरताना पाहा. जायकवाडीचाच डावा कालवा २०८ किलोमीटर आहे आणि उजवा १३२ किलोमीटर. कालव्यावर पॅनल बसवण्याचा प्रयोग गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनजवळ २०१२ सालीच झाला आहे. त्यातही अडचणी आहेत, खर्च आहे. पण कालव्यावर कुणी जाळं टाकत नाही आणि मंगोलियाहून आलेला हंस उतरत नाही. आधी छपरं, मग कालवे, आणि सगळं भरल्यावर तळं, असा क्रम असेल तर चर्चा करू. इथे क्रम उलटा आहे, कारण छपराच्या मालकाला विचारावं लागतं आणि तळ्याच्या मालकाला विचारायची कुणाला सवय नाही.

बोट सरकारकडेच दाखवून थांबलो तर ते सोयीचं होईल. शहराचंही पाहू. आपलं पाणी पैठणहून शंभराहून अधिक मीटर वर चढवून आणावं लागतं. त्यासाठी वीज जळते, आता अडीच मीटर व्यासाची नवी जलवाहिनीही टाकली आहे. सॅल्मन पोहत चढतो, आपलं पाणी पंपाने चढतं. मग ते पिऊन, धुऊन, फ्लश करून आपण परत पाठवतो. जटवाड्याच्या डोंगरातून निघणारी खाम नदी शहरातून, वाळूजकडून वाहत नाथसागरातच जाते. म्हणजे आपणही तळ्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस पोचवतोच, न चुकता, बाराही महिने. फरक मात्रेचा आणि वेळेचा आहे. हंसाची विष्ठा थंडीत, थोडी-थोडी, पसरून पडते. आपलं सांडपाणी एकाच तोंडातून रोज पडतं. त्याने मासे पोसले जात नाहीत. शेवाळ आणि जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू जातो. गेल्या काही वर्षांत खामच्या शहरातल्या पात्राची साफसफाई झाली, काठ सुधारले, ते काम कौतुकाचं आहे. पण नदीचा चेहरा धुतला म्हणून पोट साफ होत नाही. गटाराचं सगळं पाणी शुद्ध झाल्याशिवाय खाममध्ये सोडायचं नाही, ही आपल्या काठाची पहिली अट हवी.

दुसरी अट गाळपेरीची, आणि इथे मी शेतकऱ्याच्या बाजूने बोलूनही त्याच्याशी भांडणार आहे. जानेवारीत गाळपेरीवर जे कीटकनाशक मारलं, त्यातलं मातीत उरलेलं ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातं. त्या पाण्यात माशांची पिल्लं असतात आणि आपल्या नळाचं तोंडही. गाळाला खताची गरज मुळात कमी. म्हणून गाळपेरीचा करार विनारासायनिक शेतीच्या अटीवर द्यावा, पण त्याबदल्यात तो वर्षाऐवजी पाच वर्षांचा द्यावा, पेरणीआधी द्यावा, आणि हंसांनी खाल्लेल्या पिकाची भरपाईही द्यावी. ज्याला पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल की नाही हेच माहीत नाही, त्याच्याकडून मातीची काळजी मागणं हा अन्याय आहे.

तिसरी अट माहितीची. जलसंपदा विभाग रोज साठा आणि टक्का जाहीर करतो. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घाला: आज किती चौरस किलोमीटर काठ उघडा आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून हे काढणं आजच्या काळात एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकल्पाइतकं सोपं आहे. आणि तरंगत्या पॅनलचा नकाशा उन्हाळ्यातल्या पाण्याच्या सीमेवर ठेवून, पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा भागांतल्या मासेमारांसमोर, मराठीत मांडा. हरकती ऐकून झाल्यावर खुंट्या ठोका.

‘असं कुठे होतं का’ म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटचं उदाहरण. कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४मध्ये काढून टाकली. युरोक आणि इतर आदिवासी जमातींनी त्यासाठी दशकानुदशकं लढा दिला होता. काम संपलं आणि त्याच शरद ऋतूत सॅल्मन शंभराहून अधिक वर्षं बंद असलेल्या पात्रात चढून गेले. मी जायकवाडी पाडा म्हणत नाही. लाखो लोक ते पाणी पितात, मीही पितो. मी म्हणतो ते याच्या दहावा हिस्साही नाही. तिथे लोकांनी माशासाठी धरण हटवलं, आपण निदान धरणाच्या काठाला हिशेबाच्या वहीत एक ओळ तरी देऊ या.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. यंदा डिसेंबरात मोबाइलवर ‘जायकवाडी ७० टक्क्यांवर’ असं नोटिफिकेशन आलं की घाईने पुढे सरकवू नका. उरलेले तीस टक्के जिथे होते तिथे आता काय आहे, हे विचारा. तिथे ओला गाळ आहे, त्यात हरभरा उगवलाय, हरभऱ्यात करकोचे उतरलेत आणि कुणीतरी त्यांना हाकलायला धावतंय. शक्य असेल तर सुट्टीच्या दिवशी पैठणला जाऊन तो काठ पायाखाली घ्या. चपला गाळात रुततील.